शोकेसमधली ढाल

माझ्या घरी शोकेसमध्ये एक ढाल आहे. दचकू नका, मी काही सरदार घराण्यातला वगैरे नाही! लाकडी पाटीवर पितळी पत्रा, मधोमध लोगो, खाली 'बेस्ट परफॉर्मर' आणि त्याखाली अस्मादिकांचं नाव. वाळूजच्या एका कंपनीत असताना ॲन्युअल डेला मिळालेली. शाळेतली 'फिरती ढाल' आठवतेय ना? वक्तृत्वात, नाहीतर कबड्डीत जिंकलेली, वर्षभर हेडमास्तरांच्या खोलीत मिरवून परत करायची असलेली? माझी ही ढाल फिरती नाही. कायमची आहे. आणि सगळा लोचा तिथेच आहे.

मागच्या महिन्यात ताईचा मुलगा सुट्टीला आला. वय वर्षं नऊ. शोकेससमोर उभा राहून त्यानं ढालीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मामा, तू कुणाशी लढलास?"

बॉस, अप्रेझलमध्येसुद्धा इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता! उत्तर टाळण्यासाठी मी म्हटलं, "ही खोटी ढाल आहे रे. चल, तुला खऱ्या दाखवतो." आपलं शहर या बाबतीत भलतंच श्रीमंत आहे. क्रांती चौकातून गाडी काढायची, आणि दोन-अडीच तासांच्या अंतरात दीड हजार वर्षांच्या ढाली तयार!

पहिला मुक्काम वेरूळ. कैलासासमोर सेल्फीवाल्यांची जत्रा होती, म्हणून आधी १५ नंबरच्या लेण्यात गेलो. दशावतार लेणं. पायऱ्या चढताना जिमची फी वसूल होते, पण वर पोचलात की गर्दी नाही, गडबड नाही. राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा शिलालेख असलेलं हे आठव्या शतकातलं ठिकाण. तिथे नरसिंह आणि हिरण्यकशिपूचं शिल्प आहे. नेहमीच्या कॅलेंडरमध्ये हिरण्यकशिपू मांडीवर आडवा असतो. इथे तो उभा आहे, आणि त्याच्या हातात तलवार आहे, ढाल आहे. म्हणजे शिल्पकारानं त्याला लढायची संधी दिलीय. भाचा म्हणाला, "पण त्याला तर वर होता ना? दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. मग ढाल कशाला?" खरंच की! इतका जबरदस्त इन्शुरन्स असलेला माणूससुद्धा संकट अंगावर आलं की ढालच पुढे करतो. आणि तिचा उपयोग काय झाला, हे आपल्याला माहीतच आहे.

परतीच्या वाटेवर देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला. हा डोंगर म्हणजे अख्ख्या शहराची ढालच. यादवांच्या पाचव्या भिल्लमानं बाराव्या शतकाच्या अखेरीस इथे राजधानी केली. तासून गुळगुळीत केलेला उभा कडा, खडकात खोदलेला खंदक, आणि भल्याभल्यांना चकवणारी ती 'अंधारी'. तरीही १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी आला आणि रामदेवरायाला तह करावा लागला. मुख्य फौज युवराजाबरोबर बाहेर होती. आणि असं सांगतात की किल्ल्यात घाईघाईनं भरलेली पोती उघडली, तर आत धान्याऐवजी मीठ निघालं! भाच्याला हे फार आवडलं. "म्हणजे ढाल चांगली होती, पण डबा विसरला." आता यावर मी काय बोलणार?

या यादवांच्या लढायांच्या खुणा आहेत कुठे? किल्ल्यापेक्षा त्या गावोगावच्या वीरगळांवर शोधाव्यात. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड. गावाच्या वेशीवर, देवळाच्या मागे, पिंपळाच्या पारावर शेंदूर फासून ठेवलेला असतो आणि आपण त्याला 'काहीतरी जुना देव' समजून पुढे जातो. त्याची रचना मात्र एखाद्या कॉमिक स्ट्रिपसारखी असते, फक्त वाचायची खालून वर. सगळ्यात खाली लढाई: एका हातात तलवार, दुसऱ्या हातात गोल ढाल. कधी बाजूला गायी कोरलेल्या असतात. म्हणजे गडी गावची गुरं सोडवताना गेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची आठवण राहील. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला तर वीरगळांवर चक्क जहाजांची लढाई आहे. देवगिरीचा महादेव यादव आणि कोकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेल्या आरमारी युद्धाशी अनेक अभ्यासक ती जोडतात. म्हणजे आपल्या देवगिरीच्या भांडणाची 'ब्रेकिंग न्यूज' मुंबईच्या दगडावर!

पण गंमत बघा. बहुतेक वीरगळांवर नावच नसतं. ढाल दिसते, ढाल धरणारा दिसतो, नाव नाही.

पुढच्या रविवारी अजिंठा. शंभर किलोमीटर, फर्दापूर फाट्याला गाडी लावायची, पुढे बस. १७ नंबरच्या लेण्यात उजव्या भिंतीवर सिंहलाची कथा रंगवलीय, पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात. सिंहल हा आपल्यासारखाच नोकरी-धंद्यासाठी निघालेला तरुण व्यापारी. जहाज फुटतं, तो राक्षसिणींच्या बेटावर पोचतो आणि उडत्या घोड्यामुळे वाचतो. एक राक्षसी त्याचा माग काढत घरापर्यंत येते, राजाला भुलवते आणि राजवाडा फस्त करते. मग लोक सिंहललाच राजा करतात आणि तो फौज घेऊन त्या बेटावर चालून जातो. भिंतीवर ती सगळी फौज आहे. होड्यांमधले हत्ती, घोडे, भाले, आखूड रुंद पात्यांच्या तलवारी आणि ढाली. काही गोल, काही लांबट आणि वाकवलेल्या. हॉलिवूडच्या कुठल्याही वॉर फिल्मला लाजवेल अशी फ्रेम!

आणि याच अजिंठ्यात २६ नंबरला मारविजयाचं शिल्प आहे. मार आपली सगळी फौज घेऊन बुद्धावर चालून आलाय. चहूबाजूंनी गदारोळ, आणि मधोमध बसलेल्या माणसाच्या हातात ना तलवार, ना ढाल. एक हात जमिनीला टेकवलाय, बस्स. भाचा बराच वेळ बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "याला भीती नाही वाटत?"

अजिंठ्याच्या चित्रांना स्वतःला मात्र ढाल मिळाली नाही. रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं कित्येक वर्षं खपून त्यांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून पुन्हा कामाला लागले. त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. मूळ चित्रांचे पोपडे पडतच राहिले. तेव्हा आत गेल्यावर फ्लॅश मारायचा नाही आणि भिंतीला बोट लावायचं नाही. एवढी ढाल तर आपण होऊ शकतो!

आता थोडं टेक्निकल. आपली पारंपरिक ढाल गोल आणि बाहेरून फुगीर, म्हणजे वार थेट न बसता घसरून जातो. उत्तम ढाल गेंड्याच्या नाहीतर म्हशीच्या कातड्याची. 'गेंड्याची कातडी' असलेले लोक ऑफिसात का टिकतात ते कळलं? समोरच्या बाजूला जी चार धातूची फुलं दिसतात, ती नुसती शोभेची नाहीत. आतल्या कड्या ज्या खिळ्यांनी बसवलेल्या असतात, ते त्या फुलांखाली असतात. आत बोटांच्या मागे मऊ गादी. वार ढालीवर बसला तरी हादरा हातालाच बसतो ना! गादी त्यासाठी.

आणि हा शब्दही भारी आहे. जुन्या मराठीत 'ढाल' म्हणजे फौजेचं मोठं निशाणसुद्धा. ते वाहणारा, सगळ्यांच्या पुढे चालणारा हत्ती म्हणजे ढालगज. तेव्हा मुलींनो, पुढच्या वेळी कुणी 'ढालगज भवानी' म्हणून टोमणा मारला, तर थँक यू म्हणा!

अजिंठ्याहून येताना गाडीत भाच्याला तानाजीची गोष्ट हवी होती. सिनेमातली नाही, खरी. मग मी त्याला सभासदाच्या बखरीतली सांगितली. १६७० ची फेब्रुवारी, कोंढाणा. उदयभानाशी लढताना तानाजीच्या डाव्या हातातली ढाल तुटली. दुसरी ढाल वेळेवर आली नाही. मग त्यानं आपल्या डाव्या हाताचीच ढाल केली आणि त्यावर वार घेत लढला. दोघेही पडले. पुढे माणसं सावरली ती त्याचा भाऊ सूर्याजीनं, आणि गड घेतला.

दुसरी ढाल वेळेवर आली नाही. हे वाक्य बोललो आणि सिल्लोडपर्यंत मी गप्प होतो.

कारण माझ्या त्या ढालीची गोष्ट अशी. ज्या वर्षी ती मिळाली, त्याच वर्षी एका मोठ्या ऑर्डरच्या शीटमध्ये मी आकडा चुकवला होता. माल चुकीचा गेला. कस्टमर भडकला, वरून फोन आले. मीटिंगमध्ये आमच्या टीमलीड मॅडम एवढंच म्हणाल्या, "शीटवर सही माझी आहे, जबाबदारी माझी." मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. तोंड उघडलं नाही. चार महिन्यांनी मला स्टेजवर बोलावलं गेलं. त्यांना मात्र दुसऱ्या डिपार्टमेंटला हलवलं होतं, आणि वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. टाळ्या मी घेतल्या. हादरा कुणाच्या हाताला बसला, हे मी कधी विचारलंच नाही.

त्या रात्री त्यांना फोन लावला. सहा वर्षांनी! त्या आता पुण्यात असतात. अडखळत सगळं बोललो आणि शेवटी म्हणालो, "मॅडम, ती ढाल खरं तर तुमची आहे. पाठवून देऊ का?"

त्या हसल्या. "नको रे बाबा, पुसत कोण बसणार! तुझ्या हाताखाली आता कुणी नवीन पोरं आहेत का?"

"दोघं आहेत."

"मग झालं तर. त्यांच्या चुका होतीलच."

फोन ठेवला तर भाचा दारात उभा. "मामा, सांग ना. कुणाशी लढलास?"

"मी नाही रे लढलो," मी म्हटलं. "माझ्यासाठी दुसरं कुणीतरी लढलं."

त्यानं जरा विचार केला. "मग त्यांचं नाव लिही ना खाली."

लिहिलंय. पितळेवर मार्कर नीट उठत नाही, पण लिहिलंय.

जाता जाता: वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. अंधारीसाठी टॉर्च आणि पंधरा नंबरच्या पायऱ्यांसाठी पाण्याची बाटली विसरू नका. आणि आजोळच्या गावी गेलात तर वेशीवरच्या त्या शेंदरी दगडापाशी दोन मिनिटं थांबा. ढाल दिसते का बघा.