रॉकचे बी घरातच!

रॉक संगीत म्हणजे घराविरुद्ध बंड, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. मला ते पटत नाही. ‘बीटल्स’मधल्या पॉल मॅकार्टनीचेच पाहा. लिव्हरपूलला कापसाच्या पेढीवर नोकरी करणाऱ्या त्याच्या वडिलांनी तरुणपणी स्वतःचा जॅझचा वाद्यवृंद चालवला होता. घरी ते पियानो वाजवीत. १९५६ साली, पॉलच्या चौदाव्या वाढदिवसाला, त्यांनी त्याला ट्रम्पेट दिला. त्याच वर्षी आई वारली. ट्रम्पेट वाजवताना गाता येईना, तेव्हा वडिलांना विचारूनच त्याने तो देऊन गिटार घेतली. ऐंशी ओलांडल्यावरही तो रंगमंचावर गात राहिला!

मित्रहो, वडिलांनी स्वतःची आवड मुलाला दिली, पण स्वतःचे वाद्य त्याच्यावर लादले नाही. आपल्या घरांतून एवढे जरी झाले, तरी बंडाची गरजच उरणार नाही.