बाळाचा फिरलेला डोळा

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आमच्याकडे स्नानसंस्कारासाठी पाच महिन्यांचे एक बाळ आणले होते. धर्ममातेच्या शेजारी पेटलेल्या मेणबत्तीची ज्योत ते मोठ्या कुतूहलाने न्याहाळीत होते; परंतु उजवा डोळा ज्योतीकडे लागला असता डावा मात्र नाकाकडे वळलेला आमच्या दृष्टीस पडला. विधी आटोपल्यावर आम्ही बाळाच्या आजीस बाजूला घेऊन विचारले. ती हसून म्हणाली, "फादर, तिरळं पोर नशीबवान असतंय. मोठं झालं की आपोआप सरळ होईल." आम्ही ते तेवढ्यावर सोडले नाही; कारण पूर्वी एकदा सोडले होते.

ती गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची. आमचे ते पहिलेच धर्मग्राम, बेळगावच्या पश्चिमेकडील खेड्यांतले. तेथेही स्नानसंस्काराच्या दिवशी असाच वळलेला डोळा आम्ही पाहिला होता. घरात आनंद होता, अंगणात मांडव होता. अशा दिवशी आईचे मन कशास दुखवावे, असा विचार करून आम्ही काही बोललो नाही. पुढे आमची बदली झाली. त्या मुलाचे वडील व आजोबा दोघेही मराठा रेजिमेंटमध्ये होते. गेल्या वर्षी तो स्वतः लष्करभरतीस गेला. धावण्यात पहिल्या काही मुलांत आला. परंतु वैद्यकीय तपासणीत उजवा डोळा झाकताच त्याला समोरच्या तक्त्यावरील मोठी अक्षरेही वाचता येईनात. जुन्या ओळखीने तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "लहानपणीच दाखवलं असतं तर डोळा वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले." आम्ही ते लहानपणी पाहिले होते, हे त्याला ठाऊक नव्हते. आम्ही ते सांगितले. तो काही बोलला नाही. चहा घेऊन निघून गेला.

डोळा पाहतो असे आपण म्हणतो. वस्तुतः डोळा केवळ चित्र आत पाठवितो आणि पाहतो तो मेंदू. दोन डोळे दोन दिशांस लागले की एकाच वस्तूच्या दोन वस्तू दिसू लागतात. हा घोटाळा टाळण्यासाठी बाळाचा मेंदू वळलेल्या डोळ्याच्या चित्राकडे दुर्लक्ष करण्यास शिकतो, आणि हे दुर्लक्ष वर्षानुवर्षे चालले तर त्या डोळ्याने पाहण्याची विद्या मेंदूस येतच नाही. यासच लोक 'आळशी डोळा' म्हणतात. नाव काही आम्हांस पसंत नाही. बिचारा डोळा आपले काम करीतच असतो. ह्यूबेल आणि वीझेल या दोघा शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवून पाहिले. पुढे उघडला तेव्हा डोळा धड असूनही पिलास त्याने दिसेना. पूर्ण वाढलेल्या मांजरावर मात्र असा परिणाम झाला नाही. दृष्टीविषयीच्या संशोधनाबद्दल त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तात्पर्य, मेंदू शिकण्याचे दिवस बालपणाचे. सात वर्षांच्या आत उपचार झाले तर उत्तम गुण येतो. त्यानंतरही काहींना लाभ होतो, परंतु तो कमी.

आता आयांची चिंता अकारण वाढू नये म्हणून हेही सांगतो की, पहिल्या दोन-तीन महिन्यांत तान्ह्या बाळाचे डोळे अधूनमधून भरकटतात, त्यात नवल नाही. परंतु डोळा सदैव वळलेलाच असेल तर एका महिन्याच्या बाळासही दाखवावे, आणि चौथा महिना लागल्यावर तर अधूनमधून वळणाराही डोळा दाखवावा. कित्येक बाळांचे नाक वरच्या भागी चपटे असते व पापणीची कड डोळ्याचा आतला कोपरा झाकते. त्यामुळे सरळ डोळेही तिरळे भासतात. अशा वेळी हातभर अंतरावरून समोरून विजेरीचा मंद उजेड क्षणभर पाडावा. दोन्ही बाहुल्यांत उजेडाचा ठिपका सारख्याच जागी दिसला तर बहुधा भासच असतो. शंका उरली तर डॉक्टरांनी पाहावे. खेळता खेळता बाळाचा एकेक डोळा तळहाताने झाकून पाहावा. एक झाकला असता ते स्वस्थ खेळते आणि दुसरा झाकला की रडून हात ढकलते, तर त्यास उघड्या डोळ्याने नीट दिसत नसावे. मान एका बाजूस कलती ठेवणे, उन्हात एकच डोळा मिटणे, हीही लक्षणे आहेत. आणि बाहुलीत पांढरी झाक दिसली, किंवा मोबाइलच्या झगझगीत उजेडात काढलेल्या छायाचित्रात एक डोळा लाल व दुसरा पांढरा आला, तर एक दिवसही थांबू नये. तो मोतीबिंदू असू शकतो, किंवा डोळ्यातील कर्करोगही. तेथे प्रश्न प्राणाचा असतो.

पाळण्यावरचे चिमणाळे जवळ टांगले म्हणून डोळा फिरला, असे म्हणून सुनेस बोल लावण्याची चाल आहे. ती सोडून द्यावी. काजळाने डोळा सरळ होत नाही, दृष्ट काढूनही होत नाही. संत लुसियाची नोव्हेना अवश्य म्हणावी, परंतु त्याच आठवड्यात बसचे तिकीटही काढावे.

उपचार कठीण नाहीत, चिकाटीचे आहेत. कोणास चष्मा पुरतो, आणि तो वर्षाच्या बाळासही लावता येतो. कोणाचा चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकून अशक्त डोळ्यास कामास लावतात. किती तास, हे डॉक्टरांनीच ठरवावे. स्वतःच्या बुद्धीने पट्टी बांधली तर चांगला डोळाही मागे पडण्याचे भय असते. शस्त्रक्रियेत डोळा बाहेर काढीत नाहीत, डोळ्याबाहेरील स्नायू मागेपुढे करून तो सरळ करतात. मात्र सरळ झालेल्या डोळ्यास पाहणे शिकविण्यासाठी पट्टी पुढेही लागू शकते. काही मुलांचा डोळा मुळीच वळत नाही, केवळ एका डोळ्याचा नंबर फार असतो. ही मुले कोणाच्याच लक्षात येत नाहीत. म्हणून शाळेत घालण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे डोळे तपासून घ्यावेत. २०१३ पासून चाललेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची तपासणी वर्षातून दोनदा विनामूल्य करण्याची योजना आहे. पथक येईल त्या दिवशी मुलास शेतावर नेऊ नये.

त्या पाच महिन्यांच्या बाळास तिरळेपणाबरोबर मोठा नंबरही निघाला. आता त्यास चष्मा आहे, रबरी पट्ट्याने डोक्यास बांधलेला, आणि रोज थोडा वेळ उजव्या डोळ्यावर पट्टी. पहिले पंधरा दिवस बाळ इतके रडे की आजीला पाहवेना, आणि सून विहिरीवर गेली की ती हळूच पट्टी काढी. हे तिनेच आम्हांस कबूल केले. आता पट्टीची वेळ झाली की ती स्वतःच बाळास मांडीवर घेते आणि पट्टी निघेपर्यंत त्याच्यापुढे तांबडा चेंडू फिरवीत बसते. पुढील तपासणी नाताळच्या आधीच्या आठवड्यात आहे. जीपमध्ये आणखी चौघांना जागा आहे. ज्यांना मुलास दाखवावयाचे आहे त्यांनी रविवारी आम्हांस सांगावे.