ग्रंथपालाचा निरोप आणि रिकामी राहणारी खुर्ची

मे महिन्याच्या अखेरीस राज्यातील शाळांमध्ये निरोप समारंभांची गर्दी उसळते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून हीच जन्मतारीख लिहिली, त्या पिढीची ही निवृत्ती. अनुदानित शाळेतील ग्रंथपाल वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त होतात आणि जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असेल तर आदल्याच दिवशी, म्हणजे ३१ मे रोजी. तेव्हा शाळेला सुटी असते. ज्यांच्यासाठी पुस्तके काढून ठेवली ती मुले या समारंभाला नसतात. शाल-श्रीफळ होते, चार भाषणे होतात आणि कपाटांच्या किल्ल्या कुणा लिपिकाच्या हवाली केल्या जातात.

वास्तविक शिक्षणावरील खर्चाच्या कपातीचा नेमका क्षण हाच असतो. पद रद्द केल्याचा आदेश निघाला तर संघटना रस्त्यावर येतील; निवृत्तांची जागा भरलीच नाही तर कुणाचीच नोकरी जात नाही. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा सुधारित आकृतिबंध वर्षानुवर्षे रेंगाळला आणि तोवर भरतीही. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने ही पद्धत उघडपणे मांडली. अनुदानित शाळांतील चतुर्थश्रेणीची पदे निवृत्तीनंतर व्यपगत करून त्याऐवजी ठोक शिपाई भत्ता देण्याचे ठरले. ग्रंथपाल त्या श्रेणीत मोडत नाहीत. पण त्यांच्या वाट्याला आलेली रीत वेगळी नाही. शिवाय हे पद पटसंख्येशी बांधलेले. मराठी माध्यमाच्या शाळांचा पट घसरला की पूर्णवेळ पद अर्धवेळ होते, पुढे तेही उरत नाही.

यात कायद्याचीही मदत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे, असे नमूद आहे. ग्रंथपालाचा मात्र उल्लेख नाही. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते, ते पुस्तकांसाठी. कपाट आहे, पुस्तके आहेत, म्हणजे तपासणीच्या नमुन्यात ग्रंथालयही आहे! राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करण्याची कोठारी आयोगाची १९६६ मधील शिफारस २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही उच्चारली. प्रत्यक्षात ते उद्दिष्ट आजवर गाठले गेलेले नाही.

ग्रंथपाल असताना सारे आलबेल होते, असेही नव्हे. कितीतरी शाळांनी त्यांना बदली तास, परीक्षेचे तक्ते आणि कार्यालयीन टपाल यांनाच जुंपले. तरीही पाचवीतल्या मुलाला भूतकथेनंतर काय द्यावे, हे ठाऊक असलेली एक व्यक्ती शाळेत होती.

किल्ल्या घेणाऱ्या लिपिकाला दोष देण्यात अर्थ नाही. वेतन देयके आणि ऑनलाइन माहिती भरण्यातच त्याचा दिवस सरतो. शाळेच्या दफ्तरी पुस्तक ही जडसंग्रहाची वस्तू आहे. ती हरवली तर जबाबदारी कार्यभार घेणाऱ्याची. कपाट बंद ठेवले की पुस्तक हरवत नाही, हा त्याचा हिशेब चूक कसा म्हणावा? १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, हीच पुस्तके टेबलावर मांडली जातात आणि संध्याकाळी मोजून परत आत जातात.

रिक्त जागा भरण्याला पर्याय नाही. पण त्याला वेळ लागणार असेल, तर एक बिनखर्चाचा उपाय हाताशी आहे. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांनुसार ग्रंथालयातून वर्षभरात वापरल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके हरवणे स्वाभाविक मानले जाते. अट इतकीच, की त्यात अप्रामाणिकपणा वा हलगर्जी नसावी. शालेय शिक्षण विभागाने अशीच लेखी हमी प्रत्येक शाळेपर्यंत पोहोचवली, तर येत्या जूनमध्ये काही कपाटे तरी उघडी राहू शकतील.