यंदा एक अभ्रा घरच्या तुकड्यांचा

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की कपाटाच्या तळातून आणि पलंगाखालच्या पेटीतून कापडाचे तुकडे बाहेर येतात. ब्लाउज शिवून उरलेला खण, आखूड केलेल्या पडद्याची पट्टी, काठ शाबूत पण अंगात विरलेली साडी, कुर्त्यातून उरलेलं अर्धा मीटर. कुणी ते पुन्हा तसेच कोंबतं, कुणी कचऱ्यात टाकतं, आणि त्याच आठवड्यात दिवाणासाठी बाजारातून चकचकीत अभ्रे येतात. माझं सांगणं एवढंच आहे की यंदा निदान एक अभ्रा या तुकड्यांतून शिवा.

विकतचे अभ्रे स्वस्त असतात, हे खरं. पण स्वस्त अभ्रा बहुधा पातळ पॉलिएस्टरचा असतो आणि त्याची चेन कापडाच्या आधी जाते. तुमच्या पेटीतलं सुती किंवा रेशमी कापड त्याहून सरस आहे आणि त्याचे पैसे केव्हाच देऊन झाले आहेत. तुकडे जोडायची विद्याही आपल्याला परकी नाही. जुनी लुगडी आणि धोतरं एकावर एक अंथरून, वर ठिगळं लावून, धावदोऱ्याने गोधडी शिवणाऱ्या बायका आपल्या गावागावांत होत्या आणि आजही आहेत. गोधडीला महिने लागतात. अभ्रा सुट्टीच्या दोन दुपारींत होतो.

दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण वीस दिवस मिळतात. सुरुवात मशीनपासून करा. खंडेनवमीला आपण तिला हळदकुंकू आणि झेंडू वाहतो. त्याच दिवशी दातांत अडकलेला कचरा ब्रशने काढा आणि मशीनचं पांढरं तेल घाला. खोबरेल घालू नका, ते आत चिकट होऊन बसतं. तेल घातल्यावर आधी चिंधीवर दोन-चार टिपा मारा, नाहीतर पहिला डाग रेशमावर पडेल.

मग तुकडे निवडा. बहुतेकांचा अभ्रा शिवणीत बिघडत नाही, निवडीत बिघडतो. रंग जुळवण्याआधी जाडी जुळवा. जाड कापडाला मलमल जोडली की मलमल ताणली जाते आणि शिवणीपाशी फाटते. खण, पॉपलिन आणि साधं सुती ड्रेसचं कापड एकमेकांशी बरं जमतं. टी-शर्टचं ताणणारं आणि जॉर्जेट-शिफॉनसारखं सरकणारं कापड पहिल्या खेपेला बाजूलाच ठेवा. जुन्या साडीचा तुकडा दोन्ही हातांत धरून हलकेच ओढून पाहा. घडीवर विरलेलं रेशीम तिथेच चिरतं, मग त्यावर मेहनत वाया घालवू नका. आणि जी साडी रफू करून अजून नेसता येईल, तिला कात्री लावू नका. तुकडे म्हणजे उरलेलं कापड. चांगल्या साडीचे तुकडे करणं ही काटकसर नव्हे.

निवडलेलं सुती कापड कापण्याआधी धुवा. नवं कोरं सुती आटतं, आणि शिवल्यावर एकच चौकोन आटला तर सगळा अभ्रा गोळा होतो. लाल, जांभळ्या आणि गडद निळ्या तुकड्यावर ओलं पांढरं फडकं घासून पाहा. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा पांढऱ्याशेजारी नको. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होईल या भरवशावर राहू नका. जरीचा काठ मात्र धुऊ नका. वर सुती फडकं ठेवून उलट्या बाजूने कोमट इस्त्री फिरवा. पातळ रेशमाला मागून मांजरपाटाचा किंवा जुन्या मऊ चादरीचा थर लावला की ते उभं राहतं.

आता मापं. 16 इंची चौकोनी उशीसाठी 5 इंचांचे 16 चौकोन कापा. माप पुठ्ठ्यावर कापून घ्या आणि प्रत्येक तुकडा त्यावरूनच आखा. डोळ्यांच्या अंदाजावर राहू नका. चौकोन कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यात धरा, तिरपे कापले तर ते ओढले जातात. आधी सगळे चौकोन जमिनीवर चार-चार असे मांडा, दोन पावलं मागे सरून बघा, रंग एकाच कोपऱ्यात गर्दी करत असतील तर बदला. दोन चौकोन सुलट बाजू आत ठेवून अर्ध्या इंचावर टीप मारा. चारांची एक ओळ, अशा चार ओळी. पहिल्या ओळीच्या शिवणी उजवीकडे दाबा, दुसरीच्या डावीकडे, पुढेही तसंच. म्हणजे ओळी जोडताना शिवणी एकमेकींत नीट बसतात आणि चौकोनांचे कोपरे जुळतात. चारही ओळी जोडल्यावर दर्शनी भाग 17 इंचांचा होतो. कडेचा अर्धा-अर्धा इंच शिवणीत गेला की उरतात बरोबर 16.

मागच्या बाजूला चेन नको, बटणंही नकोत. 17 बाय 12 इंचांचे दोन तुकडे घ्या. प्रत्येकाची एक लांब कड अर्धा इंच, पुन्हा अर्धा इंच अशी दुमडून टीप मारा. दर्शनी भाग सुलटा पसरा, त्यावर हे दोन्ही तुकडे उलटे ठेवा. दुमडलेल्या कडा मध्यावर पाच इंच एकमेकींवर येतील. चारही बाजूंनी अर्ध्या इंचावर टीप मारा. कडा एकमेकींवर येतात तिथे टीप दोनदा फिरवा, कारण उशी घालताना सगळा ताण तिथेच येतो. कोपरे टिपेला धक्का न लावता छाटा, आतल्या कडांवर झिगझॅग मारा किंवा हाताने काजटाका घाला. खणाचे धागे लवकर सुटतात, म्हणून हे टाळू नका. मग अभ्रा उलटा करा आणि कोपरे पेन्सिलीच्या बोथट टोकाने बाहेर काढा.

मध्यम सुती कापडाला 14 नंबरची सुई चालते, पातळ रेशमाला 11 नंबरची लावा. मशीन नसेल तर अडू नका. दुहेरी दोरा, बारीक धावदोरा आणि दर चार टाक्यांनंतर एक उलटा टाका घातला की शिवण पुरेशी मजबूत होते.

घरात तुकडे कमी पडले तर नाक्यावरच्या शिंप्याकडे कातरण मागा. मात्र दिवाळीच्या आठवड्यात जाऊ नका; तेव्हा त्याला मान वर करायला फुरसत नसते. आणि हे काम घरातल्या बाईच्याच गळ्यात घालू नका. चौकोन आखणं आणि मांडणं शाळकरी मुलगा-मुलगी सहज करतील, आणि मशीन पुरुषाच्या पायानेही तेवढीच चालते.

पहिल्या अभ्र्यात एखादा कोपरा चुकेल. चुकू द्या, पण तो उसवून महिनाभर टांगून ठेवू नका; उशी घाला आणि दिवाणावर ठेवा. दुसरा अभ्रा आपोआप नीट होईल, आणि तो भाऊबीजेला कुणाच्या हाती देण्याजोगा असेल. नवे अभ्रे विकत घ्यायला बाहेर पडण्याआधी एकदा घरची पेटी उघडा, एवढीच विनंती.