कामगारांच्या नावाने लष्करी कायदा

१३ डिसेंबर १९८१ रोजी पोलंडमध्ये लष्करी कायदा पुकारला, तो कामगारांचे राज्य म्हणविणाऱ्या सरकारने. ‘सॉलिडॅरिटी’ ही सुमारे १ कोटी सभासदांची संघटना स्थगित झाली, हजारो कार्यकर्ते स्थानबद्ध झाले. खाणींना लष्करी शिस्त लागू झाली. संप हा हक्क न राहता हुकूमभंगाचा गुन्हा ठरला. कातोवित्सेच्या वुयेक कोळसाखाणीतील कामगार मागत काय होते? अटकेतील आपल्या पुढाऱ्याची सुटका आणि लष्करी कायदा मागे घेणे. १६ डिसेंबरला पोलिसांच्या गोळ्यांनी त्यांतील ९ जणांचे बळी घेतले. सोव्हिएत आक्रमण टाळण्यासाठी हे करावे लागले, असे जनरल यारुझेल्स्की पुढे सांगत राहिले. भय मॉस्कोचे आणि बंदुका रोखल्या खाणकामगारांवर! तो हुकूम घटनाबाह्य असल्याचा निर्णय पोलंडच्या घटनात्मक न्यायाधिकरणाने २०११ मध्ये दिला.