निशापूरचे मोहरे, पडद्यावर

शतरंजचा वजीर एका चालीत एकच घर सरकतो, तेही फक्त तिरकं. नवव्या-दहाव्या शतकात अल-अदली, अस-सूली यांच्यासारखे उस्ताद खलिफांच्या दरबारात जो खेळ खेळत, त्यातला हा वजीर राजाच्या आसपासच वावरायचा. आज तोच खेळ ऑनलाइन खेळायला घ्यावा, तर बहुतेक ठिकाणी त्याच्या जागी युरोपातली मुकुटवाली राणी उभी असते. तिला सबंध पट धावायची ताकद मिळाली ती पंधराव्या शतकाच्या अखेरीस. नियम एका काळाचे आणि चेहरा दुसऱ्याच काळाचा, हे मला मनापासून खटकतं.

सोंगट्यांचं रूप बदलणं ही निव्वळ हौस आहे असं अनेकांना वाटतं. रोजच्या बुद्धिबळात ते खरंही असेल. लिचेससारख्या संकेतस्थळावर पटाचे रंग आणि मोहऱ्यांचे डझनभर संच असतात, ज्याला जो आवडेल तो त्यानं घ्यावा. जुन्या खेळांत मात्र चित्र हा शिकण्याचाच भाग असतो. मुकुट दिसला की हात आपोआप लांबची चाल शोधायला लागतो. नियम कितीही पाठ केले तरी डोळ्यांची सवय जात नाही.

आपला उंट ज्या घरात असतो तिथे शतरंजमध्ये फील, म्हणजे हत्ती असतो. तो तिरकी दोन घरं उडी मारतो, मधल्या घरात कोणी असलं तरी. कागदावर पट आखून त्याच्या उड्या मोजून बघा. चौसष्टपैकी फक्त आठ घरांवर तो जाऊ शकतो. दोन्ही बाजूंचे मिळून चार फील, आणि चौघांची आठ-आठ घरं पूर्ण वेगळी. एक फील दुसऱ्या फीलला कधीच मारू शकत नाही. सुरुवातीच्या दोन वजिरांचंही तसंच, ते भिन्न रंगांच्या घरांवरून चालतात आणि आयुष्यभर एकमेकांना भेटत नाहीत. प्यादी एकेकच घर पुढे जातात आणि शेवटच्या रांगेत पोचली की त्यांचा वजीरच होतो. समोरच्याचे सगळे मोहरे मारून त्याचा राजा एकटा पाडला, तरी डाव जिंकला. शह नाही आणि हलायलाही जागा नाही अशी कोंडी झाली, तर कोंडणारा जिंकला. असा संथ आणि चिवट खेळ आजच्या सोंगट्यांनी खेळताना आपण सारखे कशाला तरी मुकतोय असं वाटत राहतं. खरं तर त्यात उणं काहीच नाही. अस-सूलीनं मांडलेला एक कूटप्रश्न हजारेक वर्षं अनुत्तरित राहिला आणि १९८० च्या दशकात युरी आव्हरबाख या ग्रँडमास्टरनं तो सोडवला.

मग रूप कुठलं द्यायचं? माझं उत्तर निशापूरचं. इराणमधल्या या शहरातला बाराव्या शतकातला एक संच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. एका बाजूचे मोहरे फिरोजी, दुसऱ्या बाजूचे गडद जांभळट, चकचकीत झिलईचे. कोणालाच नाक-डोळे नाहीत. राजा म्हणजे एक सिंहासन, वजीर म्हणजे तसंच, पण लहान सिंहासन. घोडा म्हणजे गोल बैठकीवर पुढे आलेला त्रिकोणी उंचवटा. कोपऱ्यातला रुख म्हणजे चौकोनी ठोकळा आणि माथ्यावर पाचर. लहान सिंहासन बघून कोणी सबंध पट धावायचा विचार करणार नाही!

माझा भाचा चित्रं उत्तम काढतो. एक्सबोर्ड हा मोफत प्रोग्रॅम शतरंज खेळवतो आणि त्यात आपण काढलेले मोहरे घालता येतात, म्हणून मी त्याला कामाला लावलं. फीलपाशी तो अडला.

“मावशी, वर ही दोन बोंडं कसली?”

“सुळे आहेत ते.”

“मग हत्तीच काढू की सरळ.”

मी नको म्हटलं. ही दोन टोकंच मला हवी होती. हीच अमूर्त सोंगटी युरोपात गेल्यावर इंग्रजांना त्या टोकांत बिशपची टोपी दिसली आणि फ्रेंचांना विदूषकाची, असं मानतात. हत्तीचं चित्र काढलं असतं तर ही सगळी वाट बुजली असती.

पटाचंही तेच. जुन्या अरबी पटाची घरं एकरंगी, नुसत्या रेघांनी आखलेली. काळी-पांढरी घरं युरोपात आली ती इ.स. १००० च्या सुमारास. एकरंगी पटावर तिरक्या रेषा पटकन दिसत नाहीत, पण शतरंजमध्ये लांब तिरकं धावणारं कोणी नाहीच. दोनेक आठवड्यांत नजर बसते.

उलट बाजूही मला पटते. जपानी शोगीच्या सोंगट्यांवर अक्षरं असतात आणि ती न वाचता येणाऱ्याला पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. लिशोगी या संकेतस्थळावर त्यासाठी चित्रांचे संच आहेत आणि ते असायलाच हवेत. माझा आग्रह इतकाच, की चित्रानं चाल सांगावी.

आपल्याकडच्या देशी बुद्धिबळाचे नियमही याच जुन्या खेळांच्या रांगेत बसायला हवेत. एकदाच घोड्याची उडी मारणारा राजा, पहिल्या चालीतही एकच घर सरकणारं प्यादं. सुलतान खान अशाच देशी बुद्धिबळात तयार झाले आणि नंतर परक्या नियमांनी खेळून १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं त्यांनी जिंकली. मुंबईत १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं संस्कृतातून इंग्रजीत आणलेलं बुद्धिबळाचं पुस्तक छापलं गेलं, तेव्हाच त्यातले डाव युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेले होते. ते पुन्हा देशी रूपात मांडायचं काम कोणीतरी हाती घ्यावं, असं मला फार वाटतं.

सध्या भाचा कुरियर या जर्मन खेळामागे लागलाय. बारा बाय आठ घरांचा पट. लुकास व्हॅन लेडननं १५०८ च्या सुमारास हा डाव रंगवला, ते चित्र बर्लिनमध्ये आहे. गंमत अशी, की यात उडी मारणारा जुना फील आहेच आणि त्याच्या शेजारी लांब तिरकं धावणारा कुरियरही. दोघांना बिशपची टोपी घालून चालणार नाही. मी घोड्यावरचा जासूद सुचवला. भाचा म्हणाला, घोडा दिसला की लोक अडीच घरं मोजायला लागतील. मुद्दा बिनतोड होता. आता कुरियरच्या माथ्यावर टपालाचं शिंग आहे आणि फीलला तीच दोन बोंडं.