फुलाला छप्पर हवे

७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे सात्त्विकसाईराज रांकीरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी यांनी दक्षिण कोरियाच्या जोडीला २१-१८, २१-१६ असे नमवले आणि आशियाई क्रीडा स्पर्धांत भारताला बॅडमिंटनचे पहिले सुवर्णपदक मिळाले. या स्पर्धांत बॅडमिंटनचा समावेश १९६२ साली जाकार्ता येथे झाला होता. १९८२ च्या दिल्लीतील स्पर्धांत महाराष्ट्राचे प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांनी पुरुष दुहेरीत कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारातील पुढच्या पदकासाठी देशाला ४१ वर्षे थांबावे लागले.

ज्या खेळाचे आरंभीचे नियम १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीत सिद्ध झाले आणि ज्याला इंग्रज अधिकारी 'पूना' या नावानेच ओळखत, त्या खेळात एवढा विलंब का व्हावा? गुणवत्तेचा दुष्काळ होता, असे कोणी म्हणू नये. सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ सालीच मलायातील सेलांगर स्पर्धा जिंकून परदेशी विजेतेपद मायदेशी आणले होते. कारण शोधायचे तर पुण्यापासून अवघ्या १२० किलोमीटरवरील नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरात, डोकावावे.

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला हा चौदा तालुक्यांचा जिल्हा. अकोल्यातील वा जामखेडमधील मुलाला तालुका, जिल्हा, पुणे विभाग आणि राज्य अशा शालेय स्पर्धांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. हे मूल खेळते कोठे? शाळेच्या पटांगणात किंवा अंगणात, दोन खांबांना बांधलेल्या जाळीवर. फुलाचे वजन जेमतेम पाच ग्रॅम, त्याला सोळा पिसे. ज्या पारनेर तालुक्याच्या माळावर वाऱ्यावर वीज निर्माण करणाऱ्या पवनचक्क्या फिरतात, तेथे उघड्यावर हे फूल कोठे जाईल हे मारणाऱ्यालाही सांगता येत नाही. जाळीलगत अलगद टाकलेला फटका तेथे शिकता येत नाही. असे मूल जिल्ह्याच्या ठिकाणी बंदिस्त सभागृहात प्रथमच उतरते, समोर शहरातील नियमित सराव केलेला खेळाडू असतो, आणि पंधरा-वीस मिनिटांत त्याची स्पर्धा आटोपते. पालकही मग दहावीच्या अभ्यासाचे निमित्त पुढे करतात.

वरच्या पायऱ्या आपल्या हाती नाहीत, हेही नुकतेच दिसले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धांत भारताने बॅडमिंटनमध्ये तीन सुवर्णांसह सहा पदके जिंकली आणि २०२६ च्या ग्लासगो स्पर्धांच्या कार्यक्रमातून हा खेळच वगळण्यात आला. खर्चाचे कारण सांगितले गेले. एकेकाळच्या साम्राज्याच्या स्मृतीवर उभ्या असलेल्या त्या मेळाव्याबद्दल हळहळावे किती, हा प्रश्न वेगळा. पण उमेदीच्या खेळाडूंची एक मोठी संधी गेली, हे खरे. खालच्या पायऱ्या मात्र आपल्याच गावात आहेत.

त्यासाठी प्रत्येक तालुक्यात कोट्यवधींचे क्रीडा संकुल उभे राहण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जिल्ह्यात गावोगावी मंगल कार्यालये आहेत. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत विवाहांचे मुहूर्त नसल्याने त्यांतील अनेक जवळजवळ रिकामी असतात, आणि नेमके त्याच चार महिन्यांत मैदाने ओली असतात व शालेय स्पर्धाही भरतात. बॅडमिंटनचे एक मैदान सुमारे साडेतेरा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद असते. अडचणी आहेतच. सर्वच कार्यालयांची छते पुरेशी उंच नसतात, गुळगुळीत फरशीवर गुडघे दुखावतात, त्यामुळे गुंडाळता येणारी मॅट घ्यावी लागेल. पंखे बंद ठेवावे लागतील. वऱ्हाडी नसल्याने त्याबद्दल रुसवेफुगवे होणार नाहीत. पिसांची फुले झपाट्याने झिजतात, हा खर्च मात्र एकेका कुटुंबावर टाकून चालणार नाही.

ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेथे एका मॅटसाठी आणि फुलांच्या काही डब्यांसाठी शाळा, पतसंस्था आणि कार्यालयाचे मालक एकत्र येऊ शकणार नाहीत काय? चावी कार्यालयाच्या मालकाकडे आहे, शिकवण्याची हौस गावातील एखाद्या निवृत्त क्रीडाशिक्षकाला असतेच. आषाढीनंतर चौदांपैकी कोणत्या तालुक्यात पहिले कुलूप उघडते, एवढेच आता पाहायचे आहे.